घे, धर, सोड

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ताईसाठी लोकरीचे चार गुंडे, एवढा संसार घेऊन नव्या गावात दाखल. भावजी न्यायला आले होते. माणूस आठवडाभर धड झोपलेला नाही, तरी माझी जड बॅग स्वतःच ओढत होता आणि वर विचारत होता की यात दगड भरलेत का. मी म्हटलं, दगडच आहेत, तुमच्या डोक्यात घालायला आणलेत. हसले बिचारे. ताईच्या आजारपणात ते हसायचं विसरलेत अशी मला भीती होती.

ज्या दवाखान्यात ताईला नवं फुप्फुस बसवलं, तिथेच सीटी स्कॅनच्या टेक्निशियनची जागा निघाली, म्हणून मी हातातलं काम सोडून इथे धावले. ताईची दोन्ही फुप्फुसं गेली काही वर्षं आतून राठ होत चालली होती, वाळलेल्या घोसाळ्यासारखी. उजवं बदललं. डावं तसंच आहे, नावापुरतं. म्हणजे आता आमच्या बाईचा सगळा जीव उजव्या कुशीत. आज काचेतून भेटले. नाकात नळ्या, डोळे मात्र जुनेच, खोडकर. माझ्या केसांकडे बोट दाखवून तिने नाक मुरडलं. म्हणजे बरी आहे.

कामाची खोली ऐसपैस आहे. मधे जाड काच, पलीकडे यंत्र आणि सरकतं टेबल, अलीकडे माझी खुर्ची, दोन मॉनिटर, एक माइक. सगळं छान. पण माझ्याआधीचा माणूस, देवा! टेबलाच्या खणात त्याचा चहाचा कप सापडला. उरलेल्या चहावर बुरशीने गादी घातली होती, हिरवी, आणि मधे पांढरे केस. कप तिरका केला तर चहा हलला नाही. माइकवरच्या स्पंजात तर वर्षानुवर्षांची थुंकी जिरलेली. आंबूस वास. शी, शी, शी! दोन्ही गोष्टी चिमटीत पकडून कचऱ्यात टाकल्या आणि साबणाने तीनदा हात धुतले.

लोकांना वाटतं दवाखान्यात काम करणाऱ्यांना किळस येत नाही. मला येते बाई. रक्ताची नाही, जखमेची नाही. ओल्या, मऊ, केसाळ गोष्टींची येते.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज मी कायमची अजरामर झाले. यंत्रात माझा आवाज भरला.

त्याचं असं झालं. फुप्फुसाचा फोटो काढताना पेशंटने श्वास भरून थांबायला लागतं, नाहीतर चित्र हलतं. मग दुसरा फोटो श्वास सोडल्यावर. दरवेळी माइकवर ओरडायला नको म्हणून हुकूम आधीच भरून ठेवलेले असतात. जुना आवाज कोणाचा कोण जाणे, सगळे त्याला पोपट म्हणतात. पोपट म्हणतो, कृपया दीर्घ श्वास आत घेऊन तो रोखून धरावा. हे वाक्य संपेपर्यंत पेशंट दोनदा श्वास घेऊन मोकळा. त्यात काहींना 'रोखून' एवढंच ऐकू येतं आणि ते यंत्राकडे डोळे फाडून रोखून बघत बसतात! फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाई, म्हणजे आमच्या मॅडम, वैतागल्या होत्या. म्हणाल्या, तुझा आवाज खणखणीत आहे, तूच भर काहीतरी सुटसुटीत.

मी 'कृपया' उडवलं, 'दीर्घ' उडवलं, 'रोखून' तर आधी उडवलं. तीनच शब्द ठेवले. घ्या. धरा. सोडा.

माझ्या आवाजाचे पहिले मानकरी कंडक्टरकाका. जन्मभर बसमध्ये घंटी वाजवली, आता निवृत्त, ताईच्याच आठवड्यात त्यांनाही एक फुप्फुस मिळालंय. ऑपरेशननंतरची ही त्यांची पहिली तपासणी. टेबलावर आडवे पडल्या पडल्या म्हणाले, पोरी, सगळा जन्म लोकांना 'धरून उभे राहा' सांगण्यात गेला, आता तू मला धरायला सांग. चित्र इतकं स्वच्छ आलं की मॅडमनी माझी पाठ थोपटली.

ऑपरेशन करणारे सर पण आले होते. ते नव्या फुप्फुसाला घरजावई म्हणतात. त्याच्या नसा कापलेल्या असतात, त्या पुन्हा जोडता येत नाहीत. त्यामुळे ते घरात राहतं, आयतं खातं, पण मालकाचं ऐकत नाही. आत घाण साचली तरी ठसकासुद्धा देत नाही. मी विचारलं, मग ऐकतं तरी कोणाचं? सर म्हणाले, कोणाचंच नाही, जावईच तो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईची पहिली तपासणी, आणि टेबल सरकवणारी मी! लहानपणी तिने मला सायकलवर मागे बसवून पाडलं होतं, त्याचा सूड घ्यायची संधी होती, पण आज सोडून दिलं.

यंत्रातून माझा आवाज 'घ्या' म्हणाला आणि बाई फस्सकन हसल्या. चित्र गेलं. म्हणे, मला 'घ्या' म्हणतेस होय गं, मी काय तुझी सासू आहे? मग मी भरलेला आवाज बंद केला आणि माइकवर स्वतःच बोलले. ताई, घे. आता धर. शाबास. सोड.

काय सुंदर दिसत होतं! डावं जुनं, पांढऱ्या जाळ्याजळमटांनी भरलेलं. उजवं मात्र काळंभोर, कारण फोटोत हवा काळी दिसते. श्वासनळीला नवं फुप्फुस जिथे शिवलंय तो सांधा गोल, गुळगुळीत. कोणाचं होतं, कोणी दिलं, देव त्यांचं भलं करो. मी काचेआड भरपूर रडले आणि मग मॉनिटर पुसून घेतला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कंडक्टरकाका परत आले. थोडी धाप लागते, तोंडाला वास येतो म्हणाले. वास मला दारातच आला होता. पिशवीत विसरलेल्या पावाचा असतो तसा, कुबट.

फोटोत फांद्या दिसल्या. फुप्फुसातल्या बारीक नळ्या घाणीने भरल्या की टोकाला गाठी येतात आणि चित्र झाडाच्या डहाळीसारखं दिसतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मॅडम म्हणाल्या, बघ, कशा कळ्या धरल्यात. संसर्ग आहे, औषध सुरू करू. इथपर्यंत काही नवल नाही. बदललेलं फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, त्यामुळे बुरशीला रान मोकळं मिळतं.

पण टेबलावरून उठताना काकांना उबळ आली. मी वाकडा ट्रे पुढे केला. पडलं ते कफ नव्हतं. करड्या रंगाचा मऊ गोळा, अंगठ्याएवढा, आणि त्याला लव. ओली लव. ट्रेमध्ये पडल्यावर ती हळूहळू उभी राहिली. मी ट्रे तसाच सफाईच्या मावशींच्या हातात दिला, तोंड फिरवलं आणि बेसिनवर जाऊन कोरड्या ओकाऱ्या काढल्या. शरम वाटली. पेशंटसमोर असं करू नये.

आणखी एक गंमत. नंतर बाहेर मी मावशींना ओरडून म्हटलं, जरा दार धरा हो. चाकाच्या खुर्चीतले काका गप्पच झाले. बघते तर तोंड जांभळं, छाती फुगलेली, डोळे माझ्याकडे. मी घाबरून म्हटलं, अहो सोडा की! सुस्स करून श्वास सुटला. काका ओशाळले. म्हणाले, तुझा आवाज कानावर आला की आपोआप होतं बघ. सवयच लागली. आम्ही दोघं हसलो. मी थोडं उशिरा हसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताई घरी आली! भावजींनी फरशी इतकी घासली की घसरून स्वतःच पडले. घरात तीन नियम: मास्क, हात धुणे, फुलदाणी बाद. ताई सोफ्यावर राणीसारखी बसते आणि आम्हाला कामं सांगते. मी आणलेल्या लोकरीचं काहीतरी विणतेय, मोजा आहे की टोपी ते तिलाही ठाऊक नाही.

मी खूश आहे. अगदी मनापासून खूश आहे. हे लिहून ठेवते.

फक्त एक. दुपारी मी तिला म्हटलं, हे पातेलं जरा धर गं. तिने धरलं. मी चमचा शोधत होते, वळून बघते तर पातेलं तसंच हातात आणि तिचा श्वास बंद. डावी बाजू धडपडत वरखाली होत होती, उजवी फुगून दगड झालेली. मी पातेलं ओढून घेतलं, म्हटलं, सोड ते. तेव्हा श्वास सुटला. ताई म्हणाली, काय गं, मधेच तंद्री लागली का मला?

तोंडाला वास नाही. मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. नाही. बहुतेक नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काकांची अवस्था वाईट. आज फुप्फुसात पोकळी आणि तिच्यात गोळा दिसला, वर हवेची चंद्रकोर. बुरशीचा गोळा. मॅडम म्हणाल्या, पालथं झोपवून परत काढ. गोळा सुटा असेल तर खाली घरंगळेल.

पालथं झोपवलं. घरंगळला. पोकळीच्या खालच्या भिंतीवर आला, पुस्तकात असतो तसा.

मग यंत्रातून माझा आवाज म्हणाला, धरा.

पुढच्या चित्रात गोळा वर होता. पोकळीच्या छताला. खाली काही नाही, छताला धरून लटकलेला, आणि त्याला बाजूने बोटं फुटलेली. चित्रं एकापुढे एक सरकवली तर बोटं भिंतीत शिरताना दिसतात. मॅडम म्हणाल्या, पेशंट हलला असेल. मी म्हटलं, पेशंट हलला तर बरगड्या हलतील, त्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मॉनिटरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, जेवून घे जा.

जेवले नाही. डबा उघडला, वरणावर साय आली होती. बंद केला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कंडक्टरकाका गेले. मावशींनी सांगितलं. शेवटी तोंड मिटेना म्हणे, आतून काहीतरी वर येऊन दातांपर्यंत पोचलं होतं, पांढरं, कापसासारखं. मावशी तीस वर्षं हे काम करताहेत आणि सांगताना पदर नाकाला लावून होत्या.

मी जुने फोटो काढून बसले. पोपटाच्या काळातले पेशंट, ज्यांची पहिली तपासणी त्याच्या आवाजात झाली, ते सगळे ठीक आहेत. परवाही त्यातले एक येऊन गेले, माझ्या आवाजात फोटो काढला, काही झालं नाही. पण ज्या नव्या फुप्फुसांनी पहिला हुकूम माझा ऐकला, त्यांतली परत तपासलेली सगळी कळ्या धरून बसलीत. सगळी.

नसा कापलेल्या. मालकाचं ऐकत नाही. कोणाचं तरी ऐकायला हवं ना त्याला. पहिला जो बोलला त्याचं ऐकलं.

आणि मी काय बोलले? धरा. नुसतं धरा. काय धरा ते सांगितलंच नाही! 'रोखून' उडवला मी, 'श्वास' उडवला. झाड फळ धरतं. रोप मूळ धरतं. पावाला बुरशी धरते. त्याला वाटलं, जे येईल ते धरायचं.

ताईला मी घरात दिवसभर 'धर' म्हणते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी माझा आवाज पुसून टाकला, पोपट परत बसवला. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बहिणीच्या आजारपणाचा ताण आहे, दोन दिवस सुट्टी घे. ताईला मात्र शुक्रवारी तपासायला आण, तेवढं योग्य आहे.

घरी तो शब्द बोलायचा नाही. किती अवघड आहे! हात धर, पिशवी धर, नेम धर, वाट धर, धीर धर. ताई जिन्यात अडखळली आणि माझ्या तोंडून निघालंच होतं की कठडा — जीभ चावली. रक्त आलं. शेवटी ठरवलं, बोलायचंच नाही. मौन धरायचं. त्यातही तोच.

रात्रीच्या जेवणाला ताई माझ्याशेजारी बसली. हसली, माझ्याकडे वळून काहीतरी बोलली.

वास आला. पिशवीत विसरलेला पाव.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईचे फोटो. पोपटाच्या आवाजात.

श्वास सोडल्यावर फुप्फुस करडं दिसायला हवं, हवा गेलेली असते म्हणून. डावं, ते मेलं घोसाळं, तेसुद्धा थोडं करडं झालं. उजवं काळंच्या काळं. ताईने सोडला, त्याने सोडला नाही. मॅडम म्हणाल्या, हवा अडकतेय, इतक्या लवकर सहसा होत नाही.

आणि कळ्या. टोकाटोकाला. भरगच्च. माझ्या ताईच्या आत.

सरांनी ताईला पुन्हा दाखल करून घेतलं, बुरशीवरची औषधं नसेतून सुरू केली. उपयोग होईल म्हणाले. काकांनाही तेच म्हणाले होते.

१ मार्च, रविवार

दवाखान्यातल्या खोलीत ताईला दुपारी सगळं सांगून टाकलं. भावजी औषधं आणायला गेले होते. मला वाटलं ती हसेल. तिने विणकाम बाजूला ठेवलं आणि म्हणाली, म्हणून होय! म्हणाली, तू बोललीस की हे माझ्या आत कान टवकारतं, मला कळायचं गं, पण मला वेड लागलंय असं तुला वाटेल म्हणून बोलले नाही. मग म्हणाली, धर म्हटल्यावर धरतं, तर सोड म्हणून बघ.

मी बघितलं. तिच्या पाठीला तोंड लावून, उजव्या बाजूला, म्हटलं, सोड.

आधी काही नाही. मग तिच्या पाठीच्या आत काहीतरी सरकलं, माझ्या ओठांना लागलं ते. मग उबळ. मी बादली ओढली. करडे गोळे, एकामागून एक, मग लांब दोर, लव असलेला, तो संपेना, ताईने तो दोन्ही हातांनी तोंडातून ओढून काढला. ओला, ऊनऊन. बादलीत पडला तरी वळवळत होता. वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. मीही त्याच बादलीत ओकले. दोघी बहिणी एका बादलीवर!

आणि मग ताईने श्वास घेतला. केवढा! खिडकी उघडावी तसा. गालांवर रंग आला. आम्ही दोघी हसतोय, रडतोय, हनुवट्या चिकट, आणि बादलीत ते. बादलीतलं सगळं मी पिशवीत आवळून बांधून जाळायला दिलं. हात धुतले, परत धुतले, बोटांना वास आहेच.

असू दे. ताई तीन पोळ्या जेवली.

आज दिवसभर म्हणत राहिले. सोड. सोड. सोड. जितकं जाईल तितकं चांगलं.

३ मार्च, मंगळवार

फोटो काढला. कळ्या नाहीत. एकही नाही! मी खुर्चीतून उठले. मग मॅडमनी बोट ठेवलं.

सांध्याजवळ. शिवणीच्या बाहेर काळे ठिपके. हवा. जिथे असू नये तिथे.

सर आले. म्हणाले, शिवण उसवतेय. कडेचं मांस कुजल्यासारखं दिसतंय. असं होतं कधीकधी.

कधीकधी नाही. मी सांगितलं त्याला. दिवसभर सांगितलं. सोड. काय सोड ते परत सांगितलं नाही. बुरशी सोडली. श्वास सोडला. आता ताईला सोडतंय.

४ मार्च, बुधवार

अतिदक्षता विभाग. घशात नळी. यंत्र श्वास देतंय. ताई शुद्धीत आहे, बोलता येत नाही.

सकाळी हवा गळत होती. गळ्याच्या कातडीखाली बुडबुडे, बोट लावलं की कुरकुर वाजतात. सिस्टरांचं लक्ष नसताना वाकून म्हटलं, धर. बुडबुडे थांबले. यंत्राचा भोंगा थांबला. धरलं त्याने.

तासाभरात नळीच्या आतून पांढरी लव. काचेवर वाफ यावी तशी आधी, मग जाड. सिस्टरांनी नळीतून ओढून काढली. चिकट, सुतासारखी. बाटली भरली. परत आली. मला त्या बाटलीकडे बघवत नाही आणि नजर तिथेच जाते. तिच्यात माझा शब्द आहे.

धर म्हटलं तर हे तिला आतून खाऊन दातांपर्यंत येणार. सोड म्हटलं तर शिवण.

श्वास धर, बुरशी सोड, असं पूर्ण वाक्य सांगून पाहिलं. चार वेळा. ऐकत नाही. पहिल्या दिवशी मी एकेकच शब्द शिकवला, त्याला तेवढेच येतात.

५ मार्च, गुरुवार

तोंड बंद. अगदी बंद. मास्कच्या आत ओठांवर चिकटपट्टी लावलीय. काही सांगायचं तर या वहीत लिहून दाखवते. सिस्टरांना वाटतं घसा बसलाय.

सर म्हणाले, परत ऑपरेशन झेपणार नाही. बुरशी हृदयाच्या बाजूला. भावजींना बाहेर नेऊन सांगितलं. मी काचेतून बघितलं. ते खाली बसले, जमिनीवरच.

ताईच्या नाकातून आता दिसते. दोन पांढरी टोकं. मी कापसाने पुसते. परत येतात. माझ्या ताईच्या नाकातून. शी. शी. मी तिच्याकडे बघून शी म्हणतेय मनात, देवा, माझ्या ताईकडे —

तिला कळतं. डोळे मिटले तिने.

६ मार्च, शुक्रवार

दुपार. भुलीचं औषध कमी केलंय, नातेवाइकांनी भेटून घ्यावं म्हणून. ताईला पाटी दिली. पेन नीट पकडता येत नाही. वाकडी अक्षरं. माझ्यासाठी लिहिलं.

लिहिल्याने काही होत नाही, तोंडातून निघालं तरच होतं, म्हणून इथे लिहिते. तिने लिहिलंय, मला सोड.

मी मान हलवली. नाही. नाही म्हणजे नाही. सर काहीतरी करतील. उद्यापर्यंत. कोणी सांगावं.

तिने पेनाने त्याच शब्दावर परत गिरवलं. नाकातलं ते ओठांवर आलंय. तिला चव लागत असेल. तिला चव लागतेय त्याची —

नाही म्हणाले मी. मानेने. मला नाही जमणार ताई. मी नाही.

भावजी आत आले. गाऊन, टोपी, मास्क. चष्म्यावर वाफ धरते म्हणून काढून गाऊनच्या आत ठेवलाय. पाटी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेतायत. दिसत नाहीये.

मला विचारतायत काय लिहिलंय.

मी वहीत लिहितेय, वर बघत नाही.

परत विचारतायत. म्हणतायत, शेवटचं काय म्हणाली गं ती, एवढं तरी सांग. मी वही पुढे केली, त्यांना दिसत नाही, विसरलेच. माझी पट्टी मास्कच्या आत, त्यांना ठाऊकच नाही. घसा बसलाय ना, ते म्हणतायत, हळू सांग, नुसतं कानात सांग. खाली बसलेत माझ्यापुढे. रडतायत. माझा हात

पट्टी ओली झालीय. सुटतेय. मी दाबून

ताई बघतेय माझ्याकडे. डोळ्यांनी हो म्हणतेय

ते म्हणतायत वाच ना गं, वाच, मी नुसतं मान हल